स्पीड ग्राफिक ४×५: लांबचं जुळतं, पण दोन मीटरवर फोकस मागे जातो. रेंजफाइंडर कसा लावायचा?

गोदातीर (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ॲनिव्हर्सरी स्पीड ग्राफिक आहे, ४×५ इंची. रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीने १९४० ते १९४६ मध्ये काढलेलं मॉडेल. बाजूला कालार्टचा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस लावायचं यंत्र), पुढे १३५ मिमी एफ/४.७ ग्राफ्लेक्स ऑप्टार लेन्स. बेलोज (घड्यांचा भाता) मी अंधारात टॉर्च लावून तपासलाय, कुठेही भोक नाही. शटरचे वेग ठीक आहेत.

हा कॅमेरा मला शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये. जुन्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे जे थोडे कारागीर उरलेत, त्यांचे फोटो त्यांच्याच जागेत, काम चालू असताना काढायचेत. तिथे ट्रायपॉड पसरायला जागा नसते. समोरचा माणूस हातोडी मारतोय, मान हलतेय, अशा वेळी मी काळ्या कपड्याखाली शिरून मागच्या दुधी काचेवर फोकस करायचा, मग फिल्मचा होल्डर घालायचा, स्लाइड ओढायची, तोवर तो क्षण गेलेला असतो. म्हणून मला रेंजफाइंडरच हवाय.

अडचण अशी. ट्रायपॉडवर ठेवून दुधी काचेवर फोकस केला तर लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एफ/४.७ वरही फिल्म अगदी धारदार येते, लांबचं असो वा जवळचं. रेंजफाइंडरने लांबचा डोंगर जुळवला तरी फिल्म चांगली येते. पण दोन मीटरवर माणूस उभा करून रेंजफाइंडरमध्ये दोन्ही प्रतिमा डोळ्यावर जुळवल्या आणि एफ/४.७ वर फोटो काढला की डोळे मऊ आणि मागच्या फळीवरची भांडी कुरकुरीत. एफ/१६ वर काढला तर सगळं ठीक दिसतं. बेडवरची (पुढे उघडणाऱ्या फळीवरची) फुटांची पट्टी आणि रेंजफाइंडर मात्र एकमेकांशी जुळतात, त्यामुळे मी गोंधळात पडलेय.

दुसरी गोष्ट, रेंजफाइंडरमधली दुसरी प्रतिमा फिकट झालीय. उन्हात दिसते, दुकानाच्या आत जेमतेम.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं की रेंजफाइंडर काढूनच टाका, अंदाजाने फोटो काढा. मला ते पटलेलं नाही. कव्हर अजून उघडलेलं नाही. उघडू का? उघडलं तर सुरुवात कुठून करू?

देवळाली_कॅम्प

ताई, आधी दुधी काच बघा. जुन्या कॅमेऱ्यांत काच फुटलेली असते, कोणीतरी नवीन बसवतो आणि ती उलटी बसते. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. ती बाहेरच्या बाजूला आली तर काचेच्या जाडीमुळे काचेवरचा फोकस आणि फिल्मवरचा फोकस वेगळा पडतो.

दुसरं म्हणजे फ्रेनेल. काही ग्राफ्लेक्समध्ये काच उजळ दिसावी म्हणून एक्टालाइट नावाची फ्रेनेल भिंगाची पातळ चकती असायची, तीही काचेच्या आत, लेन्सच्या बाजूला. ज्या कॅमेऱ्यात ती मुळातच होती त्यातून ती काढून टाकली किंवा नव्हती तिथे घातली, की हिशोब बिघडतो.

रेंजफाइंडर काढू नका. त्या काळात वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हाच कॅमेरा हातात धरून काम करत होते. होमाई व्यारावाला यांच्याकडेही स्पीड ग्राफिक होता. हातात धरून वापरायचा म्हणूनच त्याला रेंजफाइंडर दिला.

सातपूर_टूलरूम

गोदातीर ताई, कव्हर उघडायची घाई करू नका. तुमच्या प्रश्नातच निम्म्याहून जास्त उत्तर आहे.

मी सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि जुने कॅमेरे, डायल गेज, व्हर्निअर असं सगळं घरी दुरुस्त करत बसतो. टूलरूममध्ये पोरगा नवीन आला की त्याला पहिली गोष्ट हीच शिकवायचो: एखादं गेज चुकतंय असं वाटलं तर स्क्रूला हात लावण्याआधी ते कशाच्या तुलनेत चुकतंय हे ठरव. डेटम कुठला, ते आधी पक्कं कर.

तुमच्या कॅमेऱ्यात फोकस सांगणारे तिघे आहेत: दुधी काच, रेंजफाइंडर आणि बेडवरची पट्टी. काच सांगते तेच फिल्मवर उमटतं, असं तुम्ही स्वतः लिहिलंय, आणि तेही पूर्ण उघड्या लेन्सवर. म्हणजे काच खरी. देवळालीकरांनी सांगितलेलं तपासून घ्या, ते रास्तच आहे, पण माझ्या मते तिथे दोष निघणार नाही. काच खोटी असती तर ट्रायपॉडवरच्या फिल्मही मऊ आल्या असत्या. खात्रीसाठी डेप्थ गेज असेल तर मोजा: ४×५ च्या होल्डरमध्ये कडेच्या पृष्ठापासून फिल्मपर्यंत साधारण ४.८ मिमी खोली असते, काचेची खरखरीत बाजू तेवढ्याच खोलीवर हवी. एफ/४.७ वर जेमतेम अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, त्यापुढे दिसायला लागतं.

आता राहिले दोघे. रेंजफाइंडर आणि पट्टी एकमेकांशी जुळतात आणि काचेशी जुळत नाहीत. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. रेंजफाइंडर बाजूला लावलेला, कालार्टचा. पट्टी बेडवर स्क्रूने बसवलेली, ग्राफ्लेक्सची. दोघांमध्ये कुठलाही सांधा नाही. दोन घड्याळं सारखीच दहा मिनिटं मागे असतील तर ती बिघडलेली नसतात, कोणीतरी तशी लावलेली असतात. हे दोन्ही भाग बरोबर आहेत, पण दुसऱ्या लेन्ससाठी.

ॲनिव्हर्सरी मॉडेलवर कोडॅकची १२७ मिमी एफ/४.७ एक्टार सर्रास येत असे. तुमची १३५ ची ऑप्टार ही १९४७ नंतरच्या पेसमेकर ग्राफिकवर दिसणारी लेन्स. माझा अंदाज, कोणीतरी मध्येच लेन्स बदलली आणि बाकीचं तसंच ठेवलं.

मग लांबचं कसं जुळतं? त्याचं कारण इन्फिनिटी (म्हणजे अगदी लांबच्या फोकसचा) स्टॉप. बेडवर ते दोन छोटे अडसर आहेत ना, ज्यांना टेकवून तुम्ही लेन्सचं स्टँडर्ड (लेन्स धरणारी उभी चौकट) लॉक करता, ते स्क्रू सैल करून पुढेमागे सरकतात. लेन्स बदलणाऱ्याने ते १३५ साठी पुढे सरकवले, लांबचं काचेवर जुळलं, आणि तो थांबला. रेंजफाइंडरचा दांडा स्टँडर्डला लागत नाही, नॉब फिरवला की पुढेमागे सरकणाऱ्या रेलला लागतो. रेल पूर्ण मागे असली की रेंजफाइंडर म्हणतो इन्फिनिटी, मग त्या रेलवर स्टँडर्ड कुठेही उभं असो. म्हणून लांबचं दोन्हीकडे बरोबर येतं. तिथून रेल पुढे सरकायला लागली की बिघडतं, कारण दोन लेन्सना लागणारी सरक वेगळी.

हिशोब सोपा आहे. इन्फिनिटीपासून लेन्स किती पुढे न्यायची, तर फोकल लेंथचा (लेन्सवरचा १२७ किंवा १३५ हा आकडा) वर्ग भागिले लेन्सपासूनच्या अंतरातून फोकल लेंथ वजा केलेला आकडा. सगळं मिलिमीटरमध्ये. दोन मीटरसाठी १२७ ला ८.६ मिमी लागतात, १३५ ला ९.८. साडेचार मीटरला ३.७ आणि ४.२. एक मीटर वीस सेंटिमीटरला १५.० आणि १७.१.

तुमचा रेंजफाइंडर १२७ च्या हिशोबाने रेल ८.६ पुढे नेऊन म्हणतो, आले दोन मीटर. पण १३५ ची लेन्स ८.६ वर सुमारे सव्वादोन मीटरवर फोकस करते. म्हणजे माणसाच्या मागे पाव मीटर. एफ/४.७ वर या अंतराला पुढेमागे दहा-दहा सेंटिमीटरच धारदार मिळतं, म्हणून डोळे मऊ आणि भांडी कुरकुरीत. एफ/१६ वर तीच सवलत तीस सेंटिमीटरच्या वर जाते, म्हणून तिथे दोष झाकला जातो. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं यात बसतात.

तरीही माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. रेल पूर्ण मागे घ्या. मग लेन्सपासून बरोबर दोन मीटरवर पांढऱ्या कागदावर जाड काळी उभी रेघ काढून भिंतीला लावा. फक्त रेंजफाइंडरमध्ये बघून रेल पुढे आणत ती रेघ जुळवा आणि रेल किती सरकली ते व्हर्निअरने मोजा. साडेआठच्या आसपास आलं तर १२७. पावणेदहाच्या आसपास आलं तर माझं निदान चूक, दुसरीकडे बघू. मोजताना रेल नेहमी एकाच दिशेने, मागून पुढे आणा. नॉबच्या दात्यांत बॅकलॅश, म्हणजे थोडा ढिलेपणा असतो, पुढे जाऊन परत मागे आलात तर माप खोटं येईल.

गोदातीर

काका, मोजलं. साडेआठच्या किंचित वर येतंय, परत परत केलं तरी तिथेच. काचेची खरखरीत बाजू आतच आहे आणि फ्रेनेल नाही. लेन्सबोर्डही नीट पाहिला, त्यावर आधीच्या छोट्या शटरच्या रिंगचा गोल डाग आहे आणि भोक नंतर कानशीने मोठं केलेलं दिसतंय.

म्हणजे आता १३५ साठी लावायचा. मी तयार आहे. पण त्या फिकट प्रतिमेचं आधी करायचं की नंतर?

कसबा_कॅमेरा (पुणे)

प्रतिमेचं आधी. रेंजफाइंडरच्या आतल्या आरशाला हात लागला की तो केसभर तरी हलतो, आणि मग केलेलं सगळं ॲडजस्टमेंट वाया.

फिकट दिसण्याचं कारण दर वेळी आरसाच असतो असं नाही. इतक्या वर्षांत खिडक्यांच्या आणि आयपीसच्या काचांवर आतून तेलकट धुकं बसतं. कव्हर काढल्यावर आधी तेवढंच साफ करा: मऊ सुती कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापडावर, काचेवर नाही. बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मा फरक पडतो.

आरशाच्या बाबतीत मात्र हात आखडा. रेंजफाइंडरच्या आरशांना चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा लेप वरच्या पृष्ठावर असतो, घरच्या आरशासारखा काचेमागे नाही. कापसाने घासलात तर लेपच कापसावर येईल. रबरी ब्लोअरने धूळ उडवा, फार तर मऊ कुंचला ओझरता फिरवा. काच पुसायचे स्प्रे, व्हिनेगर, टूथपेस्ट, इंटरनेटवर काहीही सांगितलेलं असतं, त्यातलं काही करू नका. अर्धपारदर्शक लेप उडालाच असेल तर नवीन तुकडा बसवावा लागतो, आणि तो जुन्याच्याच जाडीचा हवा, नाहीतर प्रतिमा बाजूला सरकते. पण उन्हात दिसतंय म्हणताय, त्यामुळे तिथपर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

एक साधा उपाय: ज्या खिडकीतून सरळ, उजळ प्रतिमा येते, तिच्यावर दिव्यांना लावतात त्या रंगीत जिलेटिनचा छोटा तुकडा लावा, पिवळा किंवा नारिंगी. उजळ प्रतिमा थोडी दबते आणि रंगीत होते, फिकट प्रतिमा पांढरी राहते आणि उठून दिसते. बाहेरून चिकटवायचा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो.

सातपूर_टूलरूम

कसबावाल्यांनी सांगितलेला क्रम अगदी बरोबर. सफाई, मग इन्फिनिटी, मग जवळचं. आता सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी स्क्रू. हा अमेरिकन कॅमेरा, सगळे स्क्रू इंची आट्यांचे. आपल्या सातपूर-अंबडमध्ये जे मिळतं ते मेट्रिक. एक स्क्रू हरवला तर त्याच्या जागी दुसरा बसणार नाही, जबरदस्तीने बसवलात तर पितळेतले आटे जातील. म्हणून इडलीपात्र घ्या आणि काढाल त्या क्रमाने एकेका खळग्यात एकेक स्क्रू ठेवा. स्क्रूड्रायव्हरची पात खाचेत घट्ट बसली पाहिजे. सैल बसत असेल तर घासून बरोबर करून घ्या, पण खाच उडवू नका. ऐंशी वर्षांत कोणी ती खाच बिघडवली नसेल तर आपणही बिघडवायची नाही.

कव्हर काढल्यावर काहीही सैल करण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक सरकत्या भागाच्या कडेला टोकदार पेन्सिलीने बारीक खूण करा. मूळ जागा कळलीच पाहिजे. नंतर रेल पुढेमागे करून नुसतं बघत बसा. रेलबरोबर दांडा फिरतो, दांड्याबरोबर लिव्हर, लिव्हरबरोबर आरसा. कुठे अडतंय का, स्प्रिंग दांड्याला रेलवर नीट दाबून धरतेय का, हे बघा. जुनं ग्रीस घट्ट होऊन दांडा उशिरा परतत असेल तर आधी ते व्हाइट पेट्रोलने काढा. रॉकेल नको, ते मागे तेलकट थर ठेवतं. सांध्यांना घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. शिलाई मशीनचं तेल पसरतं आणि आरशापर्यंत पोचतं.

इन्फिनिटी. तुम्ही पंचवटीत राहता, म्हणजे गच्चीवरून उत्तरेला म्हसरूळच्या बाजूचा गजपंथाचा डोंगर दिसत असेल. त्याच्या कडेवरचं एखादं सुटं झाड, नाहीतर मधला एखादा मोबाइल टॉवर निवडा, किलोमीटरभर तरी लांब असलेला. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर जेमतेम काही इंच असतं, किलोमीटरवर त्याचा कोन नगण्य होतो. उभी, सरळ कडा हवी, पसरट डोंगरमाथ्यावर डोळा फसतो. सकाळी लवकर करा. दुपारी पत्रे तापले की हवा थरथरते आणि कडा नाचायला लागते.

आधी दुधी काच. ट्रायपॉड, लेन्स पूर्ण उघडी, आठ पटीचं भिंग काचेला टेकवून. रेल पूर्ण मागे, स्टँडर्ड स्टॉपला टेकलेलं, अशा स्थितीत टॉवर धारदार आहे ना, ते नक्की करा. नसेल तर स्टॉप सरकवा. मग रेंजफाइंडरमध्ये बघा. जुळत नसेल तरच तिथली इन्फिनिटी लावा. तुमच्या बाबतीत ती बरोबर आहे, त्यामुळे या टप्प्यावर तिला हात लावावा लागणार नाही.

जवळचं. इथे खरं काम आहे. रेल सरकते तिच्या प्रमाणात आरसा किती फिरवायचा हे लिव्हरच्या कामाच्या लांबीवर ठरतं, आणि ती लांबी बदलता यावी म्हणून कालार्टने आत सरकवता येणारा जोड दिलाय. कालार्टचा मोठेपणा हाच: वेगवेगळ्या लेन्सना एकच यंत्र लावून घेता येतं. वर मी दोन लेन्सचे तीन अंतरांचे आकडे दिले, त्यांचा भागाकार करून बघा. साडेचार मीटरला, दोन मीटरला, सव्वा मीटरच्या आत, तिन्हीकडे १३५ ला लागणारी सरक १२७ च्या १.१३ पट किंवा त्याच्या अगदी जवळ येते. म्हणून लिव्हर एकदा दोन मीटरवर बरोबर लावली की बाकीची अंतरंही आपोआप जवळजवळ जागेवर बसतात. हे मला फार सुंदर वाटतं. ज्याने ही लिव्हर आखली त्याने कागदावर हा हिशोब नक्की केला असणार.

करायचं असं. दोन मीटरवरची तीच काळी रेघ. दुधी काचेवर भिंगाने फोकस करा, रेल लॉक करा. व्हर्निअरने तपासा, ९.८ च्या आसपास यायला हवं. आता रेंजफाइंडरमध्ये दोन रेघा दिसतील. सरकत्या जोडाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि जोड अगदी थोडा हलवा. रेघा जवळ आल्या तर दिशा बरोबर, लांब गेल्या तर उलट. जुळल्या की घट्ट करा, आणि घट्ट करताना परत बघा, कारण स्क्रू आवळताना जोड हमखास सरकतो. कव्हर नसल्यामुळे आत उजेड शिरून प्रतिमा धुवून निघते, तेव्हा खोली थोडी अंधारी ठेवा आणि दिवा फक्त कागदावर टाका.

मग परत गच्चीवर जा. लिव्हरची लांबी बदलली की इन्फिनिटी थोडी हलते. ती लावा, खाली या, दोन मीटर बघा. तिचा परिणाम दोन मीटरवर, त्याचा परत तिच्यावर, असं थोडं थोडं कमी होत जातं. इथे माणसं कंटाळून मधेच सोडतात आणि मग म्हणतात कालार्ट लागत नाही. दोन्ही टोकं एकाच वेळी जुळेपर्यंत चालू ठेवा. शेवटी साडेचार मीटरला आणि एक वीसला तपासा.

दोन रेघा आडव्या जुळल्या पण एक वर एक खाली राहिली, तर लिव्हरचा दोष नाही, आरसा किंचित कललाय. फरक थोडा असेल तर सोडून द्या, उभ्या कडेवर फोकस करताना तो आड येत नाही.

हे सगळं झाल्यावर फिल्मवर तपासल्याशिवाय कव्हर लावू नका. त्यासाठी महागडी शीट फिल्म घालवू नका. ब्रोमाइड पेपर ४×५ मध्ये कापून होल्डरमध्ये घाला, लाल दिव्यात भरता येतो आणि धुताही येतो. पेपर फिल्मपेक्षा थोडा जाड असतो, पण तो फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत आहे. टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवा, दोन मीटरवरच्या आकड्याशेजारी उभी पेन्सिल लावा, फक्त रेंजफाइंडरने पेन्सिलीवर फोकस करा, एफ/४.७ वर काढा. धारदार आकडा पेन्सिलीशेजारचाच आला पाहिजे.

बेडवरची पट्टी १२७ ची आहे, ती आता खोटं सांगेल. मूळ पट्टी काढून टाकू नका. तिच्या शेजारी कागदाची पट्टी चिकटवून १३५ च्या खुणा करा.

देवळाली_कॅम्प

काका, हे जपून ठेवावं असं लिहिलंत. एक भर घालतो. कालार्टने फोकस्पॉट नावाचं एक जोडउपकरण काढलं होतं. आयपीसच्या जागी छोटा दिवा, त्याचा प्रकाश रेंजफाइंडरमधूनच बाहेर जायचा आणि समोरच्या माणसावर दोन ठिपके पडायचे. ठिपके एकत्र आले की फोकस. अंधाऱ्या जागी काम करणाऱ्यांसाठीच ते होतं. ताईंना कुठे मिळालं तर घ्यावं.

गोदातीर

झालं! खिडक्यांना आतून खरंच तपकिरी थर होता. तो गेल्यावर दुसरी प्रतिमा एवढी उजळली की जिलेटिन लावलंच नाही. आरशाला फक्त ब्लोअर.

दांडा परतताना अडत होता, तो व्हाइट पेट्रोलने मोकळा झाला. गच्ची आणि खोली अशा फेऱ्या मारत दोन्ही टोकं जुळवली. ब्रोमाइड पेपरवर मोजपट्टीचा आकडा पेन्सिलीशेजारचाच आला. एक वीसला किंचित पुढे येतंय, पण एवढ्या जवळून मी काढणार नाहीये.

काल भांडी बाजाराजवळच्या एका दुकानात एफ/५.६ वर हातात धरून काढला. आत अंधार होता, डोळ्यावर जुळवणं अवघड जात होतं, म्हणून त्यांच्या चेहऱ्याच्या रेषेत धरलेल्या तांब्याच्या काठावर जुळवलं. तो काठ चमकतो, दोन रेघा स्वच्छ दिसतात. निगेटिव्हवर पापणीचे केस मोजता येतायत. घामाचा थेंबही दिसतोय.

काका, एक शेवटचं विचारते. मुंबईच्या एका ओळखीच्यांकडे १२७ ची एक्टार आहे, मूळ लेन्स म्हणून ती घेऊन परत बसवावी असं ते म्हणतात. घेऊ का? दोन्ही आलटून पालटून वापरता येतील का?

सातपूर_टूलरूम

वा, ताई. तांब्याच्या काठाची युक्ती मीही लक्षात ठेवीन.

एक्टार उत्तम लेन्स आहे, पण मूळ होती एवढ्याच कारणासाठी घेऊ नका. कालार्ट एका वेळी एकाच लेन्ससाठी लावता येतो. आलटून पालटून म्हणाल तर दर वेळी कव्हर उघडून हे सगळं परत करावं लागेल आणि बिचारे आटे झिजतील. लेन्स बदलून रेंजफाइंडर वापरायची सोय ग्राफ्लेक्सने १९५५ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेला रेंजफाइंडर बाजारात आणला तेव्हा केली, त्यात प्रत्येक फोकल लेंथची वेगळी कॅम (वळणदार कडेचा धातूचा तुकडा) घालायची असते. तुमच्या कॅमेऱ्यात ते नाही. १३५ वरच राहा. दुसरी लेन्स घेतलीत तरी ती दुधी काचेवर, ट्रायपॉडवर वापरा.

आता एवढं करा: सरकत्या जोडाच्या स्क्रूवर आणि दोन्ही इन्फिनिटी स्टॉपच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. आट्यांत नको, डोक्याच्या कडेला. स्क्रू हलला तर ठिपका तडकेल आणि तुम्हाला लगेच कळेल. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवा: लेन्स १३५ मिमी, दोन मीटरला रेल ९.८ मिमी, आणि कधी लावला ती तारीख. पुढे हा कॅमेरा ज्याच्या हातात जाईल त्याला शोधत बसावं लागू नये. दांड्याकडून चिठ्ठी लांब ठेवा, नाहीतर त्यात अडकेल.

कारागिरांचे फोटो इथे टाका.